कथलाचे गोठ आणि लुगड्याचा काठ

मराठी स्त्रीच्या पारंपरिक वेशभूषेवर लिहिणाऱ्यांचा एक साचा ठरून गेला आहे. नऊवारी लुगडे, खणाची चोळी, नाकात नथ, गळ्यात ठुशी किंवा वज्रटीक, दंडात वाकी, पायात जोडवी अशी यादी येते. पेशवाईतील वैभवाचा एखादा दाखला येतो आणि 'मराठी स्त्री' सिद्ध होते. ही स्त्री गावाच्या कोणत्या बाजूला राहत होती? हे सारे लेण्याची मुभा तिला कोणी दिली? आणि जिला ती मुभा नव्हती ती काय लेत होती? वेशभूषेचा इतिहास लिहिताना हे प्रश्न कोणी विचारत नाही. न विचारल्यामुळे तो इतिहास सराफाच्या दुकानातील जाहिरातीहून वेगळा राहत नाही.

हा प्रश्न मी एका जिल्ह्यापुरता घेतो. जिल्हा पूर्वीचा कुलाबा, १९८१ पासूनचा रायगड. कर्जत-खालापूर हा त्याचा समुद्रापासून आत, बोरघाटाच्या पायथ्याशी असलेला उत्तरेकडील भाग. महाड हे दक्षिणेकडील टोक. कर्जत १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत होते, म्हणून इथल्या माणसांची जुनी छापील नोंद आढळते ती १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये. या गॅझेटियरांची पद्धत मोठी बोलकी आहे. एकेक जात घ्यायची आणि तिचे घर, अन्न, वेश, दागिने, स्वभाव हे सारे एका दमात सांगून टाकायचे. जणू लुगडे गुडघ्याच्या वर असणे आणि स्वभावाने अमुक असणे ही एकाच झाडाची दोन फळे! इंग्रज अधिकाऱ्याने ही दृष्टी विलायतेहून आणली नव्हती. वेशावरून जात ओळखावी ही इथल्या समाजव्यवस्थेचीच शिकवण होती. त्याने ती लिहून घेतली आणि सरकारी छापखान्यात छापली, इतकेच.

या शिकवणीचा उगम धर्मशास्त्रात आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ-श्वपचांविषयी जे नियम आहेत, त्यांत त्यांनी गावाबाहेर राहावे हा नियम सर्वांना ठाऊक असतो. त्याला लागून आलेले नियम मात्र फारसे उद्धृत होत नाहीत. त्यांचे वस्त्र मेलेल्यांच्या अंगावरचे असावे. त्यांनी फुटक्या भांड्यात जेवावे. त्यांचे अलंकार लोखंडाचे असावेत. कामासाठी दिवसा गावात फिरताना राजाज्ञेने ठरलेली चिन्हे त्यांच्या अंगावर असावीत. वस्त्र, भांडे, धातू आणि चिन्ह या चार गोष्टी शास्त्रकाराने एकत्र का बांधल्या, हे समजून घेतले पाहिजे. माणूस तोंड उघडण्याआधी, नाव सांगण्याआधी, लांबून दिसताक्षणीच त्याची पायरी कळली पाहिजे. अस्पृश्यता टिकवायची तर आधी अस्पृश्य ओळखता आला पाहिजे. चेहऱ्यावरून तो ओळखता येत नाही, रंगावरूनही येत नाही. म्हणून ती ओळख अंगावर चढवावी लागते.

हे ग्रंथातले नियम गावात जसेच्या तसे चालत होते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण ते गावात पोचलेच नाहीत असे म्हणणे खोटेपणाचे होईल. मढ्यावरचे कापड हा महाराचा हक्क मानला जात होता. हक्क! ज्या कापडाला इतर कोणी शिवणार नाही ते घ्यायचे, धुवायचे आणि घरातल्या बाईच्या, पोराच्या अंगाला लावायचे. याला वतनी व्यवस्थेने बलुत्यातला मान म्हणून मिरवले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द होईपर्यंत या मानपानाला सरकारी चौकट शिल्लक होती. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनात फलटण-पुरंदर भागातील महार स्त्रियांच्या नेसण्याविषयी जे लिहिले आहे, ते तर कोणत्याही वेशभूषेच्या ग्रंथात पहिल्या पानावर यायला हवे. लुगड्याचा काठ दिसेल अशा रीतीने नेसणे हा वरच्या जातींच्या स्त्रियांचा अधिकार होता. महार स्त्रीने काठ निऱ्यांत दडवायचा. कापड बाजारातून विकत आणलेले असो, त्याचे दाम मोजलेले असो, काठ दिसला की गुन्हा. लुगडे तिचे, पण लुगड्याचा काठ तिचा नाही.

अशा पार्श्वभूमीवर डिसेंबर १९२७ मधील महाड पाहिले पाहिजे. त्याच वर्षी १९ आणि २० मार्चला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले. २५ डिसेंबरपासून सत्याग्रह परिषद भरली. त्या रात्री गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांच्या पुढाकाराने मनुस्मृती जाळण्यात आली. तळ्यावरचा सत्याग्रह दिवाणी दाव्यातील मनाईमुळे पुढे ढकलावा लागला. परिषदेचे कामकाज आटोपल्यावर, २७ डिसेंबरला, बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशी वेगळे बोलले.

या भाषणाचा उल्लेख बहुतेक चरित्रांतून येतो, पण एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने स्वच्छतेविषयी केलेला घरगुती उपदेश या थाटात. आशय असा होता : तुमची लुगडी नेसण्याची रीत ही तुमच्या अस्पृश्यपणाची खूण आहे, ती पुसून टाका. वरच्या वर्गातील स्त्रिया नेसतात तसे नेसा. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाचे किंवा चांदीचे गोठ-पाटल्या हीसुद्धा ओळखण्याची खूण आहे. लेणे ल्यायचेच तर सोन्याचे ल्या, नाहीतर मुळीच लेऊ नका. लुगडे फाटके, ठिगळाचे असेल तरी चालेल, स्वच्छ असू द्या. मुलींना शिकवा. दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला जेवू घालू नका.

आता हे भाषण मनुस्मृतीच्या त्या श्लोकांशेजारी ठेवून वाचा. शास्त्राने सांगितले होते : मेलेल्याचे वस्त्र, हलका धातू, अंगावर चिन्ह. भाषणाने सांगितले : वस्त्र आपले आणि धुतलेले, हलका धातू टाका, चिन्ह पुसा. पंचवीस तारखेला जो ग्रंथ वेदीवर जळाला, त्याचेच दहाव्या अध्यायातील नियम सत्तावीस तारखेला बायांच्या हातापायांवरून उतरवले जात होते. पहिली कृती पुरुषांच्या सभेत झाली आणि इतिहासात गेली. दुसरी स्त्रियांच्या अंगावर झाली आणि 'स्वच्छतेचा उपदेश' या सदरात जमा झाली. माझ्या मते ही एकाच कृतीची दोन अंगे आहेत. दुसरी अधिक अवघडही होती, कारण ग्रंथ एकदा जाळला की जळतो. नेसणे मात्र रोज सकाळी उठून बदलावे लागते, आणि ते बदललेले नेसणे घेऊन त्याच गावात, त्याच वाटेने, त्याच पाटलाच्या वाड्यावरून जावे लागते.

तिथल्या तिथे कितीतरी स्त्रियांनी लुगडी बदलून नेसली. ती नेसायला शिकवायला सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांच्या घरच्या स्त्रिया पुढे आल्या. ही दोन्ही घराणी कायस्थ प्रभूंची. वेदोक्ताच्या अधिकारासाठी ब्राह्मणांशी पिढ्यान् पिढ्या ग्रामण्ये लढलेली ही जात. वेश आणि मान यांचा संबंध तिला पुस्तकातून शिकावा लागला नसावा. सोनारांनाही तो ठाऊक होता. धोतराला निऱ्या काढून ते ब्राह्मणांसारखे नेसू लागले, एकमेकांना 'नमस्कार' म्हणू लागले, तेव्हा पेशवाईने मनाई केली, आणि १७७९ मध्ये मुंबईच्या इंग्रज कंपनी सरकारकडूनही तसा हुकूम काढवून घेतला. हा दाखला बाबासाहेबांनीच 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात दिला आहे. धोतराच्या निरीवर राज्य चालवणाऱ्यांनी लुगड्याचा काठ मोकळा सोडला असता काय?

त्याच भाषणात आणखी एक दाखला आहे, आणि त्याची तारीख मला नेहमी थांबवते. ४ जानेवारी १९२८ च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त इंदूर संस्थानातील बातमी छापून आली. महाडच्या त्या सभेला अवघे आठ दिवस झाले होते. कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या पंधरा-एक गावांतील सवर्णांनी बलाई या अस्पृश्य जातीला नियम घालून दिले होते. जरीच्या काठाची पगडी घालायची नाही. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही. बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, झुळझुळीत घागरे आणि चोळ्या घालायच्या नाहीत. बलाईंनी नकार दिला. मग विहिरी बंद झाल्या, गुरे चारणे बंद झाले, शेतातून जाण्याच्या वाटा अडवल्या गेल्या, उभी पिके नासवली गेली. शेकडो कुटुंबे बायकापोरांसह घरे सोडून धार, देवास, ग्वाल्हेरकडे निघून गेली. एका काठासाठी कोणी गाव सोडते का, असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे की काठ दिसू नये म्हणून दुसरी बाजू अख्खे गाव ओसाड करायला तयार होती.

दक्षिणेत हा संघर्ष याहून जुना आहे. त्रावणकोरात नाडर स्त्रियांना अंगावर वस्त्र घेण्याचा हक्क १८५९ मध्ये मिळाला, तोही दीर्घ झगड्यानंतर. पुलया स्त्रियांना गळ्यात दगडी मण्यांच्या माळा घालाव्या लागत. अय्यनकाली यांनी त्या टाकून देण्याची हाक दिली. १९१५ मध्ये कोल्लमजवळ पेरिनाड येथे त्यावरून दंगली झाल्या, आणि पुढे कोल्लमच्या सभेत स्त्रियांनी विळ्याने माळा कापून ढीग घातला. महाडच्या स्त्रियांना कोल्लमच्या स्त्रियांविषयी काही ठाऊक असण्याचे कारण नाही. भाषा वेगळी, संस्थान वेगळे, धातूऐवजी दगड. पण दोघींनी आपल्या गळ्यातून काढली ती वस्तू एकच होती.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. हे वरिष्ठ जातींचे अनुकरण नव्हे काय? एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये ज्याला संस्कृतीकरण म्हटले, ते हेच नव्हे काय? वरवर पाहता तसे दिसते खरे. 'वरच्या वर्गातील स्त्रियांसारखे नेसा' हे शब्द तसेच आहेत. परंतु संस्कृतीकरणात खालची जात वरच्या जातीचा देव, उपास, सोवळे घेते आणि जातीच्या शिडीवर एक पायरी चढू पाहते. इथे शिडीलाच आग लावून दोन दिवस झाले होते. इथे नेसणे घेतले, पण नेसण्याला चिकटलेले शास्त्र घेतले नाही. आठवून पाहावे, त्याच भाषणात दारुड्या नवऱ्याला उपाशी ठेवण्याची मुभा आहे. कोणत्या वरिष्ठ जातीच्या स्त्रीधर्मात ही मुभा सापडते?

तरीही एक गोष्ट मनात राहतेच. गुडघ्यापर्यंतचे लुगडे हे काही मुळात अस्पृश्यतेचे चिन्ह नव्हे. भाताची लावणी चिखलात होते. कर्जतच्या खाचरात आषाढात उभी राहिलेली कुणबीण, आगरीण, ठाकरीण, महारीण, सगळ्यांचीच लुगडी वर खोचलेली असतात. घोट्यापर्यंत लुगडे सोडून लावणी होत नाही, ती फक्त गाण्यात होते. मग खूण कशात होती? माझे उत्तर असे : खोचण्यात नव्हती, सोडण्याच्या मनाईत होती. कामावरून आल्यावर, बाजाराला, जत्रेला जाताना ज्या स्त्रीला लुगडे खाली सोडता येते तिचे खोचणे हा श्रमाचा वेश. जिला ते कधीच सोडता येत नाही तिचे खोचणे हा जातीचा गणवेश. हा फरक लक्षात न घेता 'श्रमिक स्त्रीचा सुंदर, मोकळा वेश बाबासाहेबांनी उगाच टाकायला लावला' असा गळा काढणारे सौंदर्यवादी अधूनमधून भेटतात. त्यांनी आपल्या आईला तो मोकळा वेश कधी नेसवला नव्हता.

दागिन्यांचेही तसेच. कोपरापर्यंत हात भरून बांगड्या घालण्यात अपमान कोठे आहे? कर्जतजवळ कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. तिथल्या दर्शनी भागावर नाचणारी जोडपी कोरलेली आहेत. घाट चढून कार्ल्याला गेले तर चैत्याच्या दाराशी उभ्या असलेल्या दगडी स्त्रियांचे हात बांगड्यांनी भरलेले आहेत, पायांत जाड वाळे आहेत, कमरेला मेखला आहे. त्या काळी ते वैभव होते, आणि ते कोरले गेले बुद्धाच्या दारात. पुढे हेच भरलेले हात कथलाचे झाले आणि हलकेपणाची निशाणी ठरले. जे दुसऱ्याचा ओंगळपणा म्हणून दाखवले जाते, ते कधीकाळी कोणाचे वैभव होते हे सांगायला आमच्या तालुक्यात तरी दगड शिल्लक आहेत.

महाडनंतरचा पुढचा टप्पा १९५६ चा. धम्मदीक्षेनंतर पांढरी साडी आली, आणि तिच्यातला विद्रोह फारसा कोणी टिपला नाही. ब्राह्मणी व्यवस्थेने पांढरे वस्त्र स्त्रीच्या अंगावर घातले ते नवरा मेल्यावर. दीक्षा घेतलेल्या सवाष्णींनी, लग्नाला उभ्या राहिलेल्या नवऱ्यांनी तेच पांढरे वस्त्र उपासिकेचे म्हणून हौसेने नेसले. अशुभाचा अर्थच उलटा केला. कुंकू आणि काळे मणी यांच्याबाबतीत मात्र घरोघर वेगवेगळे निर्णय झाले आणि आजही होतात. तो वाद संपलेला नाही, आणि बायकांनी काय लेवू नये हे सांगायला आपल्या सभांतून पुरुषच फार उत्साहाने उभे राहतात हेही नमूद केले पाहिजे. बाबासाहेबांची वाट वेगळी होती. कथलाचे गोठ टाका असे सांगणाऱ्या याच माणसाने चोवीस वर्षांनी, १९५१ मध्ये, हिंदू कोड बिल रखडले म्हणून मंत्रिपद सोडले. स्त्रीची मालमत्ता म्हणजे तिच्या अंगावरचे किडूकमिडूक, एवढ्यावर भागवून घ्यायला ते तयार नव्हते; त्यांना तिच्यासाठी वारसाहक्क हवा होता. दागिना हा गरिबाघरच्या स्त्रीचा हक्क नसून सावकाराकडचे तारण असते, हे ज्याने गहाणवट पाहिली आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता कर्जत-खालापूरच्या आजच्या चित्राकडे यावे लागते. इथे ठाकर आणि कातकरी वाड्या डोंगराच्या कडेकडेने पसरल्या आहेत. ठाकर स्त्रियांच्या गळ्यातील रंगीत मण्यांच्या माळा आणि मांड्यांवर घट्ट बसलेले लुगडे गॅझेटियरवाल्यांनी पाहिले, पुढे माथेरानला हवा खायला येणाऱ्यांनी त्यांचे फोटो काढले. कातकऱ्यांचा जंगलातला कात पाडण्याचा धंदा वनकायद्याने गेला, ते कोळशाच्या भट्टीवर आणि मग वीटभट्टीवर गेले. त्यांच्या वेशाविषयी लिहिणारा त्यांच्या भट्टीविषयी लिहीत नाही. याच खालापूर तालुक्यात चौकजवळ २००५ मध्ये मोठा चित्रपट स्टुडिओ उभा राहिला. 'जोधा अकबर' (२००८) साठी तिथे आग्ऱ्याचा किल्ला बांधला गेला आणि मोगल राणीचे जडावाचे दागिने नामांकित पेढीने घडवले. पडद्यावरच्या राणीच्या दागिन्यांवर पानेच्या पाने लिहिली गेली. त्या किल्ल्याभोवतीच्या वाड्यांतील बायकांच्या गळ्यात काय आहे, यावर एकही ओळ वाचल्याचे मला आठवत नाही.

मी शिकवतो त्या वर्गात वाड्यांवरून येणाऱ्या काही मुली असतात, शिकणारी पहिलीच पिढी. त्या पंजाबी ड्रेसमध्ये येतात, केस एका रबरात बांधलेले, गळा मोकळा. एका स्नेहसंमेलनात 'पारंपरिक वेशभूषा दिन' होता. बौद्ध मुलींनी भाड्याने आणलेली शिवलेली नऊवारी आणि खोट्या मोत्यांची नथ घातली होती. वाडीवरच्या एका मुलीला व्यवस्थापकांनी सांगितले होते की तू तुमचा वेश घालून ये, माळा घाल, बक्षीस मिळेल. ती नेहमीच्या ड्रेसमध्ये आली आणि मागच्या बाकावर बसून राहिली. मी काही विचारले नाही. तिनेच दुसऱ्या दिवशी विचारले, "सर, आज्जीच्या माळा घातल्या असत्या तर त्या सगळ्यांनी मला बघितलं असतं की माळांना?"

हा प्रश्न आमच्या चळवळीनेही स्वतःला विचारलेला नाही. महाडला आमच्या आज्यांनी ओळखीची खूण टाकली ती सभेत, शेकडो बायांच्या सोबतीने, एका नेत्याच्या शब्दावर. या मुली तीच खूण एकेकट्या, कर्जतच्या फलाटावर उतरण्याआधी टाकून येतात. त्यांच्यामागे परिषद नाही, 'बहिष्कृत भारत' नाही. शिवाय त्यांच्या माळांचा इतिहास आमच्या गोठांचा नव्हे. त्या माळा कोणी गावाने सक्तीने घातलेल्या नसून त्यांच्या स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या हाताने ओवलेल्या आहेत. म्हणजे आम्ही टाकले ते ओझे होते. त्या टाकत आहेत ते त्यांचे धन आहे, आणि आजूबाजूच्या समाजाने नजरेनेच त्याचे ओझे करून ठेवले आहे. दलित आणि आदिवासी यांची एकजूट आपण ठरावांत अनेकदा मांडली. या एका फरकाची चर्चा कोठे झाली?

आणि जी वस्तू टाकली तिचे पुढे काय झाले? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) साठी चळवळीतील स्त्रियांना घरोघर जाऊन बोलते केले, म्हणून महाडच्या स्त्रिया आपल्याला निदान ऐकू येतात. त्यांनी टाकलेले दागिने मात्र पाहायला मिळणे कठीण. सोन्याची नथ पिढ्यान् पिढ्या जपली जाते, मोडली तरी सोने राहते, आणि कधीतरी संग्रहालयाच्या काचेत जाऊन बसते. कथलाला मोड येत नाही. ते वितळवून भांड्यांना कल्हई होते, नाहीतर भंगारवाल्याच्या तराजूत जाते. आमच्या भागात आज ऐंशीच्या घरात असलेल्या बायांना आपल्या आजीच्या हातातील गोठाचा घाट सांगता येतो, वजन सांगता येते, तो मनगटावर कोठे काचत असे तेही दाखवता येते. कोणा घरी विचारले तर वस्तू मिळत नाही. गेल्या पावसाळ्यात कडावच्या बाजूला एका घरी एक वाळा मिळाला. कशाचा आहे म्हणून विचारले तर म्हातारी म्हणाली, कशाचा नाही, नुसताच आहे. नातवाने तो दाराच्या कडीला अडकवला होता, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून.